दुसऱ्या हाकेची ओ

तळवलीच्या निकेशला पहिल्या हाकेला ओ देताना कुणी पाहिलेलं नाही. रबाळ्याच्या ऑफिसात त्यावरून त्याची रोज खेचतात. दोष त्याच्या आईचा, शेवंताबाईचा. "एका हाकेला ओ द्याची नाय रं. भूत एकदाच हाक मारतं. आनि चुकून दिलीच, तर आदी पाय बग, उलटे हायेत का."

त्या शुक्रवारी मात्र पोरगा भुताशिवायच घाबरला होता. कारण ऑफिसात त्याचं कौतुक चाललं होतं.

डेटाचं पॅकेट चेन्नईला जाऊन त्याची पोच परत यायला किती वेळ लागतो, ते मोजणारा कोड त्यानं ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, लिहिला होता. आकडा येत होता दोन मिलिसेकंद. सगळे खूश. जेवताना निकेशच्या डोक्यात आलं, केबलमधून प्रकाशालाही जाऊन यायला दहा लागतात. डब्यातली सुकट तशीच राहिली.

तीन वाजता तोच कोड चारशे मशिनींवर चढणार होता. त्याचं प्रोबेशनही आजच संपत होतं.

त्यानं कोड उघडला आणि चूक सापडली. पोच वेळेत आली नाही की कर्नेल तेच पॅकेट पुन्हा पाठवतं. मग आलेली पोच पहिल्याची की दुसऱ्याची, ओळखायला काही खूण नसते. निकेशनं डोळे झाकून दुसऱ्याची धरली होती. पहिल्या हाकेला कोण ओ देतं? पोच असायची पहिल्याची, वेळ मोजला जायचा दुसऱ्यापासून. वेळ कमी दिसला की कर्नेल आणखी उतावळं होणार, आणखी लवकर पाठवत सुटणार. चारशे मशिनींनी हे केलं तर लाइन तुंबलीच.

गप्प बसलो तर? संध्याकाळपर्यंत नोकरी पक्की. हा विचार आला, त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

अडीचला तो टीमच्या प्रमुख गीतांजली मॅडमच्या टेबलाशी उभा होता. "मॅडम, तो आकडा खोटाय."

"कोण म्हणतं?"

"मीच. माझीच चूक आहे." त्यानं सगळं सांगितलं.

"पण दुसऱ्याचीच पोच, असं का धरलंस?"

आता यांना भूत कुठून सांगणार. "सवय," तो म्हणाला.

मॅडमनी फोन करून तीनचं काम थांबवलं. "दोनदा पाठवलेल्याची पोच मोजायचीच नाही. जा, बदल."

चारला आकडा सव्वीसवर गेला आणि कौतुक करणारे पांगले. निकेश एकटाच खुर्चीत उरला.

"निकेश." मॅडमची हाक. एकच.

"ओ," तो ताडकन उठला. अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं.

"सही कर इथे. पक्का झालास."

पेन हातात घेऊन त्यानं आधी हळूच मॅडमच्या पायांकडे बघून घेतलं.