चपातीच्या घडीतलं तूप

जिना चढताना छातीत जड वाटतं म्हणाले, म्हणून मी आबांना, माझ्या वडिलांना, सांगलीला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्यांत घाबरण्यासारखं काही निघालं नाही, पण रक्तातलं कोलेस्टेरॉल बरंच वाढलेलं होतं. डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली आणि आम्ही उठता उठता म्हणाले, "जेवणातून दिवसाला तीनशे मिलिग्रॅमच्या आत कोलेस्टेरॉल जाईल असं बघा. तुमच्या बाबतीत दोनशेच्या आत राहिलं तर आणखी बरं."

आबांची उमेदीची वर्षं फौजेत गेलेली. त्यांना सल्ला कळत नाही, हुकूम कळतो. घरी परतताना पलूसच्या एसटीत बसल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "अंड्यात किती असतं गं?"

मी मोबाईलवर बघून सांगितलं, "एका बलकात जवळजवळ दोनशे."

"म्हंजे एका अंड्यात दिवसाचं रेशन खलास," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

अंडी त्यांचा जीव की प्राण. पलटणीत लागलेली सवय, सकाळी दोन उकडलेली अंडी मीठ-मिरी लावून. दुसऱ्या दिवशीपासून ती बंद झाली. मटण बंद झालं, तूप बंद झालं. मग शेंगदाण्याची चटणी बंद झाली, कारण दाणे तेलकट. आमटीला फोडणी नको. मी शाळा सुटल्यावर तासाभरासाठी त्यांच्याकडे जायचे, तेव्हा ताटात कोरडी चपाती आणि बिनफोडणीची आमटी दिसायची. मी शिक्षिका, चार पुस्तकं वाचलेली, पण कशात किती कोलेस्टेरॉल असतं हे मलाही धड माहीत नव्हतं. आबा इतक्या निष्ठेनं करतायत तर बरोबरच असेल असं मी धरून चालले.

दोन महिन्यांत त्यांची गालफडं बसली. विजारीला दोरी बांधायची वेळ आली. आई मला परड्यात बोलवून म्हणाली, "अगं, माणूस माझ्या डोळ्यादेखत वाळायला लागलाय."

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. गोळी चालू असून जेवढं उतरायला हवं होतं तेवढं कोलेस्टेरॉल उतरलं नव्हतं. आबांचा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा झाला. डॉक्टरांनी आम्हा तिघांना, आईसकट, वरच्या मजल्यावर आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्या वयानं लहान, पण बोलणं शांत. त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाता ते विचारलं. आबांनी खडान्‌खडा सांगितलं. बाई लिहिता लिहिता थांबल्या.

"काका, शेंगदाणे कशाला सोडले?"

"कोलेस्टेरॉल."

"दाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच. झाडाला, वेलीला, जमिनीत जे लागतं त्यात ते नसतं. ते फक्त प्राण्यांकडून येणाऱ्या खाण्यात असतं. अंड्याचा बलक, मटण, कलेजी, दूध, साय, तूप. शेंगतेलाची बेताची फोडणीही चालेल. आणि आणखी एक. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच बनवतं. तूप-सायीतली घट्ट चरबी ते जास्त वाढवते. म्हणून नुसता दोनशे-तीनशेचा आकडा धरून चालत नाही, ती चरबीही कमी लागते. पण तुमच्या ताटात तर तीही दिसत नाही."

तेवढ्यात आईनं पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं तिला ठसका लागलाय.

"आवं, मीच घालत हुते," ती म्हणाली. "चपातीच्या घडीत तूप. आमटीत साय घोटून. रोज. मला वाटलं, तूप काय, गाईम्हशीचं, शाकाहारी हाय. मटणासारखं वंगाळ थोडंच असणार? ह्यांच्या अंगात जरा ताकद ऱ्हावी म्हणून."

आई आबांकडे बघत नव्हती. "माझ्या हातानं ह्यांना विख घातलं का ओ बाई?" तिनं विचारलं आणि तिला रडू फुटलं.

"विष कसलं, काकू," बाई म्हणाल्या. "दिवसाला लहान चमचाभर तूप मीच देणार होते त्यांना. फक्त चोरून नको."

आबा आईकडे वळले. ते चिडले तर मध्ये पडायचं म्हणून मी पुढं सरकले.

"तरीच," ते म्हणाले. "मी म्हनत हुतो, म्हातारपणी हिच्या हाताला एवढी चव कुठनं आली."

आई रडता रडता हसली. आबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. परक्यांसमोर त्यांनी तिला असा हात लावलेला मी त्याआधी कधीच पाहिला नव्हता.

बाईंनी नवं पान लिहून दिलं. आठवड्यातून तीन अंडी बलकासकट, बाकीच्या दिवशी हवं तर नुसतं पांढरं. मूठभर दाणे, मटकीची उसळ, पालेभाज्या, साय काढलेलं दूध, मटण महिन्यातून एकदा आणि चरबी काढून. मग पेन खाली ठेवून त्यांनी आईला विचारलं, "काकू, तुमचं रक्त शेवटचं कधी तपासलं?"

"माझं? मला काय धाड भरलीया?"

आबांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आईच्या रक्ताची तपासणी कधी झालीच नव्हती. मी आबांना पुन्हा पुन्हा सांगलीला आणत होते आणि दरवेळी ती सोबत पिशवी धरून बसत होती, पण तिच्याबद्दल एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. त्याच दिवशी खाली जाऊन तिचं रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मोबाईलवर आला. तिचं कोलेस्टेरॉल आबांच्या पहिल्या आकड्यापेक्षाही जास्त होतं. भांड्याला लागलेली साय पुसून खायची, उरलेलं तूप वाया जाऊ द्यायचं नाही, ही तिची आयुष्यभराची रीत.

आबांनी रिपोर्ट दोनदा वाचून घेतला. मग ते स्वयंपाकघरात गेले. पलटणीत कधीकाळी लंगरच्या, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघराच्या, मदतीला राहिले होते म्हणे, पण घरात त्यांनी चहासुद्धा केलेला मला आठवत नाही. त्या दिवशी त्यांनी मटकी भिजत घातली.

पुढच्या तपासणीत आबांचा आकडा डॉक्टरांना हवा तिथं आला. गोळी चालूच आहे. आईलाही आता गोळी आहे. तिचा आकडा सावकाश उतरतोय. परवा गेले तेव्हा आबा तिच्यासमोर उसळीची वाटी ठेवत होते.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली.

"बीपीचं पण बघाय लागतंय का न्हाई? खा गप."

तिनं तोंड वाकडं केलं, आणि वाटी पुढं करून आणखी वाढून घेतली.