गावठी कुंपण

पिशोरच्या पुंजारामनं घातलेल्या कुंपणातून आजवर शेळीचं करडूही आत शिरलं नव्हतं. गावात कुणाचं पोर फार वांड निघालं, तर ‘पुंजारामला बोलवा, कुंपण घालंल’ म्हणायचे. चाळीस वर्षांत त्यानं कमावलं ते एवढंच नाव.

खुलताबादच्या रस्त्याला मृण्मयीताईंनी फार्महाऊस घेतलं आणि त्यांना रस्टिक कुंपण हवं झालं.

“रस्टिक म्हंजी?”

“म्हणजे गावठी, काका.”

हा शब्द कौतुकानंही म्हणतात, हे पुंजारामला साठाव्या वर्षी कळलं.

त्यानं बाभळीच्या फांद्या आणल्या. बुडखे आत, शेंडे बाहेर, असं पायानं दाबत रचू लागला. ताई धावत आल्या. काटे नकोत, पाहुण्यांचे कपडे फाटतील. शिवाय मधे मधे फटी ठेवा, मागचा डोंगर दिसला पाहिजे.

“ताई, जिथून डोंगर दिसंल तिथून शेळीला जास्वंदबी दिसंल.”

“काका, किती गोड बोलता तुम्ही!”

मग दोन दिवस तो विळ्यानं बाभळीचे काटे तासत बसला. वाघाची नखं कापून त्याला राखणीला बसवावं, तसलं ते काम.

तिसऱ्या दिवशी कुंपण उभं राहिलं. ताईंनी चारी बाजूंनी फोटो काढले आणि खूश होऊन फाटकाशी पाटी ठोकली: ‘पारंपरिक कुंपण. कारागीर: पुंजाराम, पिशोर.’ पुंजाराम नको नको म्हणाला. ताईंना तो विनय वाटला.

पाटीचा रंग वाळायच्या आत शेळ्या आल्या. फटीफटीतून, आमंत्रण असल्यासारख्या. जास्वंद संपवून त्या गुलाबाकडे वळल्या. त्यांच्यामागून भामाबाई आली. राहायला खुलताबादला, माहेर पिशोरचं. दर पंधरवड्याला तिकडं जाऊन घरोघर बातम्या पोचवणारी. पुंजाराम घाईनं पाटीपुढं उभा राहिला. पाटी त्याच्यापेक्षा रुंद होती.

“आगं बया! पुंजादादा, तुमी हितं? कुण्या येड्यानं केलं वो हे कुंपण? आन् पाटीवर काय लिवलंय?”

भामाबाई शाळेची पायरी चढली नव्हती. त्याबद्दल पुंजारामनं मनातल्या मनात तिच्या बापाला हात जोडले.

“लिवलंय, शेळ्या आत आणू नका.”

“मंग लिवीत बसण्यापरीस चार काटं लावायचे की!”

“सांगितलं व्हतं म्या,” पुंजाराम जीव तोडून खरं बोलला, “पर आयकतंय कोण?”

आणि गुलाबातली शेळी कानाला धरून बाहेर ओढू लागला.