पाहुणा रिव्हर्स घेतो

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक ट्रक ड्रायव्हर राहतो. त्याला सगळे पाहुणा म्हणतात. हे नाव ठेवलं त्याच्या स्वतःच्या लेकीनं, वयाच्या चौथ्या वर्षी. अठरा दिवसांनी बाप घरी आला, हातात बॅग, गालावर दाढी, डोळ्यांत झोप. पोरीनं दार उघडलं, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आत वळून खणखणीत आवाजात सांगितलं, "आई, पाहुणे आले!" जिन्यात तिघे जण उभे होते. तिघांनीही ऐकलं. मग काय, संध्याकाळपर्यंत चौकीदारसुद्धा त्याला "या पाहुणे" म्हणायला लागला.

तो हसायचा. हसण्यात तो पहिल्यापासून उदार. पण त्या हसण्याच्या मागे काहीतरी बोचायचं, हे मला ठाऊक होतं, कारण तो अठरा दिवसांचा दौरा आमचाच होता. आमच्या नाटक मंडळीचा ट्रक तो नऊ वर्षं चालवत होता. राजवाडा, तुरुंग, बाग, दिवाणखाना, सगळं त्याच्या मागच्या फळ्यांमध्ये भरलेलं असायचं, आणि वर कधीकधी आम्हीही. मंडळी बंद पडून आता अकरा वर्षं झाली. मी म्हातारी एकटी कुठे जाणार, म्हणून तळमजल्यावरची ही खोली त्यानंच मला शोधून दिली. तो मात्र पुढे मोठमोठे ट्रेलर चालवायला लागला आणि आणखीच पाहुणा झाला.

तर एके दिवशी सकाळी हा माणूस माझ्या दारात. हातात एक छापील कागद, तोंडावर परीक्षेला निघालेल्या पोराचा भाव.

"बाई, वाचा जरा. कंपनीनं सगळ्या ड्रायव्हरांना दिलाय. भरून द्यायचाय."

मी चष्मा लावला. वर लिहिलं होतं, 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' त्याच्या खाली त्यानं आपल्या मोठ्या, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'रस्त्यावर.'

"अरे!" मी म्हटलं. "हे काय उत्तर झालं?"

"खरं तेच लिहिलं, बाई. गेली वीस वर्षं तिथेच आहे. पुढची पाच कुठे जाणार?"

"हे खोड. खाली दोन रकाने आहेत बघ. करिअरचं उद्दिष्ट. आणि वैयक्तिक उद्दिष्ट."

चहाचा कप रिकामा झाला, तरी तो ओठाला लावून बसला. मग एकदम म्हणाला, "कंपनीला नव्या ड्रायव्हरांना शिकवणारा माणूस हवाय. इथल्याच यार्डात. सकाळी नऊ ते सहा. सहा वाजता सुट्टी, बाई! दिवसाउजेडी घरी!" हे सांगताना त्याचा आवाज असा चढला, की मी खिडकी लावून घेतली.

पहिल्या रकान्यात त्यानं लिहिलं, 'प्रशिक्षक होणे.' दुसऱ्यापाशी पेन अडलं. मी मान वळवून खिडकीतल्या कुंडीकडे बघत राहिले, रंगमंचावर दुसऱ्याचं मोठं वाक्य चालू असताना बघतात तशी. मग हळूच वाकून वाचलं. त्यानं लिहिलं होतं, 'पाहुणा न राहणे.'

मला नाचावंसं वाटलं. गुडघे नाही म्हणाले, म्हणून नुसत्या टाळ्या वाजवल्या.

आता अडचण ऐका. प्रशिक्षक व्हायचं तर परीक्षा होती. लांबलचक ट्रेलर दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधून उलटा घ्यायचा आणि माल उतरवायच्या धक्क्याला नीट लावायचा. एकट्यानं. मागे कुणी इशारा करणारा नाही. वर्षात संधी तीन. ज्या माणसानं वीस वर्षांत कुणाच्या सायकललाही ओरखडा काढला नाही, त्याला हे म्हणजे डाव्या हाताचा मळ, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. त्याच्या बायकोनं तर, ती घरी शिलाई करते, त्याच्यासाठी प्रशिक्षकाला शोभेलसा शर्ट बेतून ठेवला.

पहिल्या परीक्षेत पाहुणा निम्म्या वाटेवर थांबला. थांबला तो थांबलाच.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"कुणी काही बोलेचना, बाई!"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नाट्यगृहाच्या मागच्या अरुंद गल्लीत त्याचा ट्रक उलटा कोण घ्यायला लावायचं? मी! आमच्या मंडळीचा कायदाच होता: शेवटच्या रांगेपर्यंत जिचा आवाज पोहोचतो, तिनं मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणायचं, आणि थांबवायचं असलं की ट्रकच्या फळीवर दोन थापा मारायच्या. पुढे ट्रेलरवर त्याच्या क्लीनरनं तेच चालू ठेवलं. वीस वर्षांत हा माणूस कुणाच्या तरी 'येऊ दे'शिवाय एक वीतभरही मागे आला नव्हता. त्याचे डोळे पुढे असायचे आणि मागचं जग कानात. खोड लावली कुणी? मीच.

दुसऱ्या परीक्षेत त्यानं नेट लावला. पाऊण अंतर आला. एवढ्यात यार्डाच्या चौकीदारानं पायपुसणं भिंतीवर झटकलं. थप, थप. पाहुण्यानं जिवाच्या आकांतानं ब्रेक मारला. ट्रेलर शहारला, तिरका होऊन पट्टीवर चढला, आणि परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी कागदावर फुली मारली.

राहिली एक संधी. बुधवारी सकाळी दहा वाजता. ही गेली, तर ती जागा दुसऱ्याला, आणि याला पुन्हा लांबचा रस्ता. रविवारी हा खाली आला. मागोमाग बायको आणि लेक.

"बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "यार्डाला तारेचं कुंपण आहे. तुम्ही बाहेर उभ्या राहा. आणि नुसतं हळूच..."

"मला हळूच येत नाही."

"मग जोरात."

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. अकरा वर्षांनी भूमिका चालून येत होती. दोनच शब्दांची, पण भूमिका! मी मनातल्या मनात घसा साफही केला. पण त्याची बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अहो, आणि उद्या शिकाऊ ड्रायव्हर समोर बसले, की बाईंना खिशात घालून नेणार आहात का? काही नको. मी गेली अठरा वर्षं घरातून येऊ दे, येऊ दे म्हणतेय. त्यानं कुठे आलात?"

लेक फस्सकन हसली. पाहुणाही हसला, आणि मग त्याचं हसू जरा उतरलं. मला माझीच लाज वाटली.

"बरं," मी म्हटलं, "मग तालीम. आत्ता. इथे."

माझी चाकांची चहाची ढकलगाडी झाली ट्रक. तिला मागे दोरीनं आणि वेताच्या काठीनं बांधलं चाकाचं स्टूल, तो ट्रेलर. कपाट आणि पलंग यांच्यामधली फट म्हणजे धक्का. लेकीनं ढकलगाडीच्या दोन्ही अंगांना माझे मेकअपचे आरसे चिकटवले. पाहुणा जमिनीवर गुडघे टेकून बसला, एवढा सहा फुटी माणूस, आणि गाडी उलटी ढकलायला लागला. ट्रेलरची गंमत अशी, की पुढचं डावीकडे वळवलं की मागचं धूड उजवीकडे जातं. पहिल्या फेरीत स्टूल पलंगाखाली गेलं. दुसरीत त्यानं माझ्या चपला चिरडल्या. तिसरीत बशी फुटली.

"थांब," मी म्हटलं. "तुला आमच्या प्रॉम्प्टरची गोष्ट सांगते. पडद्याआडून वाक्यं पुरवणारा माणूस. मी सहा वर्षं त्याच्या भरवशावर उभी राहिले. एके दिवशी ऐन प्रयोगाच्या आधी त्याचा घसा बसला. मला वाटलं, संपलं आता. पडदा वर गेला. समोर भरलेलं नाट्यगृह. आणि काय सांगू, मला त्याचा आवाज ऐकू यायला लागला! तो तर घरी गुळण्या करत होता. आवाज माझ्याच आत होता, मीच त्याच्या आवाजात मला वाक्यं देत होते. कळलं? आरशात बघ, आणि 'येऊ दे' तूच म्हण."

"मी? मलाच?"

"तुलाच. मोठ्यानं."

तो लाल झाला. "एकटं बोलताना कुणी पाहिलं तर वेडा म्हणतील, बाई."

"मी चाळीस वर्षं एकटी बोलत होते. लोक तिकीट काढून यायचे."

तीन दिवस माझ्या खोलीतून "येऊ दे" ऐकू येत होतं. शेजारच्यांनी दारावर विचारलं, कोण येणार आहे? मी सांगितलं, पाहुणा.

बुधवारी दहा वाजता आम्ही तिघी कुंपणाबाहेरच्या बाकावर. मी तोंड उघडणार नाही असं वचन दिलं होतं. त्याच्या बायकोचा माझ्या वचनावर विश्वास नव्हता, म्हणून तिनं माझा हात घट्ट धरला होता आणि दुसऱ्या हातात बिस्किटाचा पुडा होता. आत तो ट्रेलर, केवढा! आमचा अख्खा राजवाडा त्यात चार वेळा मावला असता. मॅडम हातात पाटी घेऊन उन्हात उभ्या. चौकीदाराला त्यांनी पायपुसण्यासकट आत पाठवून दिलं होतं.

इंजिन घरघरलं. ट्रेलर मागे यायला लागला. छान, सरळ. मग हळूहळू शेपटी उजव्या पट्टीकडे झुकली. केबिनमध्ये शांतता. आणखी झुकली. हा बोलेना! ओठ मिटलेले, मान ताठ. चौघींसमोर एकटं बोलायची त्याला लाज वाटत होती, मला इथून दिसत होतं. पट्टी हातभर राहिली. माझी छाती भरून आली, जबडा उघडला, आवाज घशापर्यंत आला, आणि त्याच्या बायकोनं माझ्या तोंडात अख्खं बिस्किट कोंबलं.

"बाई, गिळा!" ती कुजबुजली. तिचे स्वतःचे डोळे मात्र मिटलेले होते.

आणि मग केबिनमधून माझा आवाज आला.

शपथेवर सांगते, माझाच! तोच चढ, तीच शेवटच्या रांगेला हाक. "येऊ दे! येऊ दे! अरे, झोपलास का? पुढचं उजवीकडे वळव, उजवीकडे!"

"हो बाई!" पाहुण्यानं स्वतःच्या आवाजात उत्तर दिलं.

"हं! आता सरळ कर. असा! येऊ दे... येऊ दे..."

"येतोय, बाई!"

लेक बाकावर उभी राहून उड्या मारायला लागली. माझ्या तोंडात बिस्किट, डोळ्यांत पाणी, हसू आवरेना, ठसका आवरेना. ट्रेलर दोन पट्ट्यांच्या मधून असा आला, जसा दोऱ्यावर मणी. धक्का जवळ आला. अगदी जवळ. मग खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्यानं आपल्याच दारावर खाडकन मारल्या, थप, थप. ट्रेलर थांबला. मॅडमनी मागे जाऊन मोजलं. मध्ये चार बोटं.

पाहुणा खाली उतरला. मॅडम त्याच्याकडे बघत होत्या. "कुणाशी बोलत होतात?"

"माझ्याशीच, मॅडम."

"दोन आवाज होते."

"एक शिकवणारा होता, मॅडम. एक शिकणारा."

मॅडमनी पाटीवरचे नियम वरून खाली वाचले. मग पुन्हा वाचले. "बाहेरून मदत घ्यायची नाही, एवढंच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आतून घेऊ नये असं काही दिसत नाही." आणि त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली. त्या नंतर तोंड फिरवून हसल्या, पण मी नटी आहे, मला पाठमोरं हसू ओळखता येतं.

त्याला आता दोन महिने झाले. यार्डात शिकाऊ ड्रायव्हर ट्रेलरमध्ये बसून स्वतःशी ओरडत असतात, असं ऐकते. कुणी आईच्या आवाजात, कुणी शाळेतल्या मास्तरांच्या.

इकडे त्याची बायको परवा माझ्याकडे येऊन धपकन बसली. "बाई, हा माणूस रोज घरी असतो हो! डबे उंचीप्रमाणे लावलेत. माझं शिलाई मशीन भिंतीला चार बोटांवर नेऊन ठेवलं, आता माझं कोपर आपटतं. काल मी म्हटलं, जरा बाहेर फिरून या, तर म्हणतात, आत्ताच आलो ना!" एवढी तक्रार करताना बाईसाहेबांचा चेहरा मात्र असा उजळलेला, की मी दिवा लावला नाही.

आणि काल संध्याकाळ. सव्वासहा वाजले होते. वर घंटी वाजली. माझी खिडकी त्यांच्या जिन्याखालीच आहे, सगळं ऐकू येतं. दार उघडल्याचा आवाज आला. आतून त्याच्या बायकोनं विचारलं, "कोण आलंय गं?"

लेक अभ्यासातून उठली होती, आवाजात कंटाळा ओतप्रोत. "कुणी नाही गं, बाबा आहेत!"

मग जिन्यावर धाडधाड पावलं. पाहुणा बॅगसुद्धा न ठेवता खाली धावत आला आणि माझ्या दाराची चौकट धरून उभा राहिला. धापा टाकत होता.

"बाई! ऐकलंत? कुणी नाही म्हणाली!"

"ऐकलं रे."

"कुणी नाही, बाबा आहेत!"

मी खणातून कंपनीचा तो कागद काढला. त्याची प्रत मी जपून ठेवली होती. 'पाहुणा न राहणे' या दुसऱ्या रकान्यासमोर त्यानं माझ्याच भुवयांच्या पेन्सिलीनं बरोबरची खूण केली, इतकी जोरात की कागद फाटला. वरून बायकोची हाक आली, चहा निवतोय म्हणून. तो वळला, आणि गडी एक पायरी सोडून एक पायरी चढत घरी गेला.