कडव्याची चाल

चिंचवड स्टेशनावर उतरले तेव्हाच मनात पाल चुकचुकत होती. सांगलीहून इतक्या लांब मी एका अनोळखी श्रोत्याच्या शब्दावर आले होते. मी शास्त्रीय गायिका, आणि रेडिओवर सकाळचा कार्यक्रमही करते. चाकणजवळच्या एका गावातला दत्ता हा कार्यक्रम मोबाईलवर ऐकायचा आणि सारखा फोन करायचा, "ताई, एकदा गावी या." कशाला, ते समोर आल्यावर सांगणार. असं म्हणणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही.

दत्ता गाडी घेऊन आला होता. मी आधी गाडीच्या नंबरचा फोटो भावाला पाठवला, मगच मागच्या सीटवर बसले. त्याने ते पाहिलं आणि गाडी सुरू केली. मोशीच्या पुढे कंटेनरच्या रांगेत अडकलो. दोन्हीकडे कंपन्यांची फाटकं, चहाच्या टपऱ्या, नुकतीच सुटलेली शिफ्ट, बसच्या खिडक्यांना डोकं टेकून झोपलेली माणसं. दत्ताही अशाच एका कंपनीत पत्रे दाबायच्या प्रेस मशीनवर होता. चाकणचा चौक ओलांडून त्याने गाडी हमरस्त्यावरून आत घातली, तेव्हा मी पर्स घट्ट धरली. थोडं पुढे जाऊन त्याने ती थांबवलीच.

"ताई, मी एक खोटं बोललोय," तो म्हणाला. "तेवढं सांभाळून घ्या."

कार्यक्रमाच्या शेवटी मी स्वतः चाल लावलेला एक अभंग गाते. ध्रुवपद संपेपर्यंत बातम्यांची वेळ होते आणि माझा आवाज कापला जातो. त्यामुळे कडवी आजवर कुणी ऐकलेलीच नाहीत. गावच्या भजनी मंडळाने ध्रुवपद उचललं. कडव्यांची चाल दत्ताने रचली आणि 'ताईंचीच आहे, एकदा रेडिओवर पूर्ण लागली होती' असं ठोकून दिलं. मंडळात हा टाळ वाजवणारा. त्याची चाल म्हणून कुणी म्हटली नसती. सगळ्यांनी ती वर्षभर मनापासून म्हटली. आता बुवांना (मंडळाचे मुख्य गायक) शंका आली होती, आणि मी 'माझीच' म्हणावं अशी दत्ताची विनवणी होती. मी भयंकर चिडले. पाहुणी म्हणून बोलावलं की खोटी साक्ष द्यायला? काहीच कबूल केलं नाही.

घरी दत्ताच्या बायकोने मासवडी वाढली. नाव ऐकून मी ताटाकडे बघतच राहिले. ती हसून म्हणाली, "ताई, मासा न्हाई त्यात." बेसनाच्या पोळीत तीळ-खोबरं-लसणाचं सारण भरून केलेल्या वड्या, सोबत झणझणीत रस्सा. तो मी साडीवरही सांडला. दत्ता नुसता भाकरी कुस्करत बसला होता.

दुपारी देवळात गेलो. मागे कंपनीची पत्र्याची भिंत, आत मंडळी जमलेली. अभंग सुरू झाला. माझी चाल कडव्यात वर चढते. ही हळूहळू खाली उतरत होती, जाता जाता रागाबाहेरचा एक सूर घेऊन. अंगावर काटा आला. आणि सरळ सांगते, हेवाही वाटला.

बुवांनी पेटी थांबवली. "ताई, ही चाल तुमचीच न्हवं?"

दत्ता टाळ मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होता. खरं सांगण्यातच त्याचं भलं आहे असं मला वाटलं.

"नाही. ही दत्ताभाऊंची आहे. माझ्या चालीपेक्षा चांगली आहे."

मंडळी त्याला डोक्यावर घेतील अशी माझी समजूत. पण एकाला ती एकदम रडकी वाटायला लागली, दुसऱ्याला सिनेमातली. बुवांनी पेटीचा भाता बंद केला आणि म्हणाले, "आमाला वाटलंच व्हतं." दत्ताने मला स्टेशनापर्यंत सोडलं. मी उतरताना फक्त "सांभाळून जा, ताई" म्हणाला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सांगलीला आल्यावर त्याच आठवड्यात मी अभंग जरा आधी सुरू केला. दत्ताचं नाव घेतलं आणि त्याच्या चालीत सगळी कडवी म्हटली. बातम्यांना काही कापायला उरलं नाही.

संध्याकाळी बुवांचा फोन आला. चाल रेडिओवर आली, आता मंडळाने म्हणायला हरकत नाही, असं ते खुशीत सांगत होते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पन ताई, दत्तूची काय एवढी बरी न्हवती. तुमी कुठं कुठं बदल केला?"

मी एकही सूर बदलला नव्हता. तसं त्यांना सांगितलं. बुवांचा विश्वास बसला नाही.