सलूनवाल्याच्या हिरड्या

दाढी करताना गिऱ्हाइकं श्वास रोखून धरतात, हे सलूनवाल्याच्या ध्यानात आलं होतं. हात थरथरत असेल आपला, वस्तऱ्याची भीती वाटत असेल त्यांना, अशी त्याने मनाची समजूत घातली. मग एकेक जण नाक्यावरच्या नव्या दुकानाकडे वळला. दुपारभर तो स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून राही.

एक दिवस सफरचंद खाताना दात हलला आणि फोडीवर रक्त उमटलं. तो दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"किती दिवस रक्त येतंय?"

"दोनेक वर्षं. दुखत नव्हतं, म्हणून म्हटलं कशाला उगाच!"

बाईंनी एक्स-रे काढून दाताभोवतीचं झिजलेलं हाड दाखवलं.

"जंतूंनी खाल्लं?"

"सुरुवात त्यांची. त्यांना मारायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. पण मुळाशी मळ दगडासारखा बसलाय, जंतू काही संपत नाहीत. म्हणून पेशीही हटत नाहीत. त्यांच्या माऱ्यात आपलीच हिरडी सुटते, हाड विरघळतं."

"म्हणजे राखणदारानेच घर पाडलं म्हणा की!"

बाई हसल्या. मग जरा चाचरत म्हणाल्या, "वासही येतो तोंडाला. घरात कुणी बोललं नाही?"

"बायको जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी लांब असते, फोनवरच काय ते बोलणं."

बोलता बोलताच त्याला ते रोखलेले श्वास आठवले आणि मान खाली गेली.

चार खेपांत बाईंनी मुळं खरवडून साफ केली. एक दात काढावा लागला, बाकीचे तगले. रक्त थांबलं, वासही गेला. गेलेलं हाड मात्र परत येणार नव्हतं.

महिन्याभराने जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक निवृत्त मास्तर दाढीला आले. त्याने सरळच विचारलं, "मास्तर, माझ्या तोंडाला वास यायचा. माहीत होतं तुम्हाला?"

मास्तर आरशातून दुसरीकडे बघायला लागले. "कसं सांगणार रे? तुला वाईट वाटलं असतं."

"आणि येणं सोडलंत, त्याचं नाही वाटलं?"

त्याने ब्रशने साबणाचा फेस केला, त्यांची हनुवटी हलकेच वर केली आणि वस्तरा चालवला.

हळूहळू आणखी काही जण परतले. पूर्वी दाढी संपेपर्यंत त्याच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. आता तो ओठ मिटून काम करतो. का, ते कुणी विचारलेलं नाही.