फोटोसाठी अनवाणी

“इथं वाघ नाही येत, पोरी. इथं बॉल येतो.”

फुटबॉलचे सर एवढंच म्हणाले आणि सगळं मैदान हसलं. मैदानातल्या पोरी हसल्या. जाळीला टेकून बसलेले आईबाप हसले. चहा घेऊन आलेला माणूससुद्धा किटली खाली ठेवून हसला. मध्ये माझी पोरगी, आचल, उभी. एक हात वर केलेला. दुसऱ्या हातात समोरच्या संघातल्या एका बारक्या पोरीचा दंड घट्ट धरलेला. बॉल केव्हाच रेषेबाहेर गेला होता.

चंद्रपुरातल्या एका फुटबॉल क्लबची ती निवड चाचणी होती. तेरा वर्षांखालच्या मुलींची. मैदानाच्या मागे चिंचेची झाडं आणि झाडांवर वानरं. खालून कुत्रं गेलं म्हणून एक वानर खेकसलं. दोनदा. बस, एवढंच झालं होतं.

पण आमच्या गावात तो आवाज एवढाच नसतो; वाघ दिसला की वानर असं खेकसतं. आमचं गाव मोहर्लीच्या रस्त्यावर, जंगलाला लागून. धान कापून झालं की शाळेमागच्या मोकळ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पोरी फुटबॉल खेळतात. धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडला की जंगलच. म्हणून तिथल्या खेळाचा पहिला नियम गोलचा नाही. वानर खेकसलं की बॉल सोडायचा. पळायचं नाही. हात वर करून सगळ्यांना थांबवायचं. लहान पोरी मध्ये घ्यायच्या, तोंड जंगलाकडे ठेवायचं आणि उलट्या पावलांनी मागं यायचं. हे मीच शिकवलं तिला. मी ताडोब्यात गाईड आहे. पर्यटकांना जिप्सीत बसवून जंगल दाखवणं हे माझं काम.

तर आचल गोलपासून चार पावलांवर होती. समोर एकटी गोलकीपर. वानर खेकसलं आणि तिचे पाय थांबले. हात वर गेला. ती ओरडली, “थांबा! इकडे या सगळ्या!” आणि जवळची सर्वांत लहान पोरगी तिनं ओढून घेतली. ती दुसऱ्या संघाची आहे, हे तिनं पाहिलं नाही. आमच्याकडे ते पाहत नाहीत.

एका बापानं मोबाइल काढून शूटिंग केलं. “थेट जंगलातून उचलून आणली वाटतं,” असं कुणीतरी म्हणालं. मी ऐकलं. मान खाली घातली. चूक माझ्या पोरीची झाली, असं मला वाटलं. खरं सांगते, तेव्हा तसंच वाटलं.

मी बी.ए. झालेली बाई आहे. इतिहास घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. आम्ही ढिवर. माझा बाप तलावात जाळं टाकायचा आणि मी मासोळीची टोपली बाजारात ठेवून तिथंच पुस्तक वाचायची. बाप म्हणायचा, “शिक. शिकली की कोणापुढे वाकाव नाई लागत.” मी शिकले. पण वाकणं काही सुटलं नाही.

आचलला चांगला क्लब मिळावा म्हणून मी सहा महिने खटपट केली. ती चांगली खेळते, हे मी आई म्हणून सांगत नाही. तिच्या शाळेचे गुरुजी घरी आले होते. म्हणाले, “बाई, माझ्याजवळ शिकवाले काई उरलं नाई आता. हिले मोठ्या क्लबात घाला.” दोन क्लबांनी फोनवरच विचारलं, कुठून येणार? गावाचं नाव सांगितलं की, “रोज जमणार नाही तुम्हाला.” जमेल की नाही ते मी सांगायला हवं होतं. त्यांनीच सांगून टाकलं. या तिसऱ्या क्लबानं ‘या’ म्हटलं. त्यांच्या मुली नागपूरला स्पर्धा खेळतात, दोघी राज्याच्या संघापर्यंत गेलेल्या. मला हाच क्लब पाहिजे होता. आचलला तर त्याच्यापुढे दुसरं काही दिसत नव्हतं.

बुटांसाठी तिचा बाप गोल बाजारात तीन दुकानं फिरला. खिळ्यांचे बूट तिच्या मापाचे मिळेनात. चौथ्या दुकानदारानं मुलाचे दिले. आचलनं ते घरात घालून पाहिले. मग शेणानं सारवलेल्या अंगणात खिळे रुततील म्हणून काढले आणि पुसून ठेवले. आठ दिवस ती ते बूट घालून बांधीत धावली. टाचेला फोड आले. फोडावर हळद लावून पुन्हा धावली. बूट घालून बॉल कळत नाही म्हणायची, पण सोडले नाहीत.

त्या दिवशी, ते हसणं होण्याआधी, तिनं दोन गोल केले होते. ते कुणी लिहून घेतलं की नाही, ठाऊक नाही.

चाचणी संपल्यावर सर यादी चाळत म्हणाले, “स्पीड आहे. पण डोकं मैदानात नाही. पुढच्या वर्षी बघू.” तेवढ्यात क्लबच्या मॅडम आल्या. क्लबचा कारभार त्याच पाहतात. त्यांनी वानराचा किस्सा ऐकला होता. डोळे मोठे करून आचलकडे पाहिलं.

“ही ती? किती गोड! सर, ही पाहिजे आपल्याला.”

मग माझ्याकडे वळून, “तुम्ही आदिवासी ना?”

“नाही. ढिवर आहो आम्ही.”

“हां, तेच ते.”

तेच ते. माझ्या बापाचं जाळं, माझा तलाव, शेजारच्या पाड्यातल्या गोंडांची अख्खी भाषा, सगळं मॅडमनी दोन शब्दांत एका टोपलीत टाकलं. मी मान डोलावली. पोरीची निवड होत होती.

चार दिवसांनी फोन आला. निवड झाली. आचल घरभर नाचली. मी शेजारी, शाळेत, जंगलाच्या गेटवरच्या सगळ्या गाईड बायांना सांगितलं. एक जण म्हणाली, “आता टीव्हीवर दिसन का वो तुही पोरगी?” मी म्हटलं, “दिसन नं. काऊन नाई दिसन?”

पुढच्या रविवारी पहाटेची बस धरून आम्ही गेलो. त्या दिवशी किट वाटप होतं. भिंतीवर यादी लावलेली. आचलनं वरून खाली बोट फिरवलं. अठरा नावं. तिचं नव्हतं. खाली एक रेघ मारलेली, रेघेखाली ‘प्रोत्साहन गट’, आणि त्यात एकच नाव. तिचं.

मी मॅडमला विचारलं, “हे काय आहे जी?”

“अहो, संघात नाही घेतलं अजून. पण सरावाला येऊ द्या तिला. बॉल गोळा करेल, पाणी देईल, बघून बघून शिकेल. आणि आज फोटोला ती मेन आहे! देणगीदार येणार आहेत. तिचाच मोठा बॅनर करतोय आपण.”

अठरा पोरींना निळी जर्सी मिळाली. आचलला सांगितलं, तू थांब. फोटोवाला आला. तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिनं शाळेच्या खेळाचा पांढरा टी-शर्ट घातला होता, माझ्या हातानं इस्त्री केलेला. पायात बूट.

“मॅडम, ही तर बाकीच्या पोरींसारखीच दिसते,” तो म्हणाला. तक्रार केल्यासारखं.

मॅडम म्हणाल्या, “घरून एखादा जुना फ्रॉक आणलाय का? नाही? बरं. बूट तरी काढ बेटा. अनवाणी उभी राहा, बॉल काखेत धर. मातीत थोडे पाय घास. छान येईल.”

आचलनं माझ्याकडे पाहिलं.

आता जे लिहिते, ते लिहायला जड जातं. मी वाकले. मी स्वतः खाली बसले आणि पोरीच्या बुटाची नाडी सोडली. “काढ बेटा, एक मिनिटाचं तं काम हाये,” असं म्हणाले. एक बूट काढला. मोजा काढला. टाचेवरचा फोड अजून वाळला नव्हता. पाय तिनं मातीवर ठेवला नाही. दुसऱ्या बुटावर ठेवला.

तो पाय पाहताना मला माझं डोकं आठवलं.

मागच्या हिवाळ्यात एक कुटुंब सफारीला आलं होतं. मी खाकी गणवेशात, डोक्यावर टोपी. सकाळभर मी त्यांना पक्षी दाखवले, अस्वलानं खरवडलेलं झाड दाखवलं. त्यांना वाघ पाहिजे होता, बाकी काही ऐकायचं नव्हतं. जिप्सीतून उतरल्यावर त्यातली बाई म्हणाली, “तुमच्यासोबत फोटो. टोपी काढा ना. असं गावातलं वाटलं पाहिजे.” तिनं तिची ओढणी माझ्या डोक्यावर टाकली, पदरासारखी. तिच्या नवऱ्यानं बाजूच्या टपरीसमोरची सरपणाची मोळी उचलून माझ्या डोक्यावर दिली. मी हसले. दात दाखवून हसले. फोटो निघाला. मोळी मी परत नेऊन ठेवली, तेव्हा टपरीवालीनं विचारलं, “तू कायले उचलली वो?” घरी कुणाला सांगितलं नाही. इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

त्या दिवशी माझी बी.ए. त्या मोळीखाली होती. आणि आज मी माझ्या पोरीला माझ्याच हातानं तसंच उभं करत होते. मला तिथं कुणी ओढून नेलं नव्हतं. मी खाली बसले होते. माझ्या बोटांत नाडी होती.

मी मोजा चढवला. बूट घातला. नाडी बांधायला घेतली, दोनदा सुटली. आचल म्हणाली, “राहू दे, मी बांधते.”

मॅडम म्हणाल्या, “अहो, काय झालं?”

मी उभी राहिले. “ती खेळाले आली आहे. खेळाडू म्हणून काढा फोटो. नाईतर नका काढू.”

“ताई, गैरसमज होतोय. आम्ही तुमच्या मुलीचं भलंच करतोय.”

“भलं करता तं रेघेच्या वरती नाव लिवा. तिनं दोन गोल केले त्या दिवशी. तुमच्या अठरा जणींत किती जणींनी केले?”

सर मोबाइलमध्ये पाहत होते. मॅडमचा आवाज बदलला. “हे बघा, असं असेल तर मग नाव नाही राहणार यादीत. विचार करा.”

“केला.”

मागून एका आईचा आवाज आला, “या लोकांना दिलेलं पचत नाही.” मी वळले. “काय दिलं, बाई? बाटल्या भराचं काम?” ती जर्सीची घडी घालू लागली. कुणी हसलं नाही या वेळी. कुणी माझ्या बाजूनंही बोललं नाही.

हे वाचताना मी जिंकले असं वाटत असेल, तर तसं नाही. परतीच्या बसमध्ये आचल खिडकीकडे तोंड करून बसली. पद्मापूरचा थांबा गेल्यावर बोलली.

“मले खेळाचं होतं, आई.”

“माहीत आहे.”

“बांधीत तं अनवाणीच खेळत होती नं मी. फोटोत राह्यली असती तं काय झालं असतं? पुढच्या वर्षी घेतलं असतं त्यांनी.”

“नसतं घेतलं.”

“तुले काय माहीत? तुले कोणी विचारलं होतं? मले विचारलं का तू?”

नव्हतं विचारलं. बूट काढतानाही नाही आणि घालतानाही नाही. हे तिचं बरोबर आहे.

घरी तिच्या बापानं ऐकून घेतलं. आंघोळीचं पाणी तापत होतं, चुलीत लाकूड सारत म्हणाला, “तुह्या बी.ए.नं पोरीचं नुकसान केलं.” मी म्हटलं, “माह्या बी.ए.नं इतके दिवस कायचंच काई केलं नव्हतं. आज पहिल्यांदा काहीतरी केलं.” तो तापलेलं पाणी काढायला उठला. त्याला पटलं नव्हतं.

शाळेचे गुरुजी तेवढे म्हणाले, बल्लारपूरला एक क्लब मुली घेऊन राहिला आहे, मुलांसोबत खेळावं लागेल, चाचणी पुढच्या महिन्यात. दोन बस बदलाव्या लागतील. आचलनं हो म्हटलं. मला म्हणाली, “ये. पण तिथं तू काई बोलू नको.”

मी बोलणार आहे. तिला तसं सांगितलं आहे. पोरगी मैदानात उतरण्याआधी मी विचारणार, संघ कशावर निवडता? निवडलेल्या पोरीला सामन्यात उतरवता का? यादीत रेघ आहे का, आणि असेल तर कोण मारतो? त्यांनी नाव विचारण्याआधी मी हे विचारणार. आतापर्यंत क्लब आम्हाला पारखत होते. आता मी क्लब पारखणार. उत्तर नाही मिळालं तर तिथूनच परत. आचल पुन्हा चिडेल. महिना महिना बोलणार नाही. मोठी झाल्यावर म्हणेल, आईपायी माझा खेळ गेला. म्हणू दे. ते मी ऐकून घेईन.

पण तिला कुणापुढे लहान करायला यापुढे माझे हात मिळणार नाहीत. कुणाला करायचंच असेल, तर त्यानं स्वतःच्या हातानं करून पाहावं. मी तिथंच उभी असेन.