तंजावुरात न वाजलेलं गाणं

तंजावूर स्टेशनावर सकाळी उतरलो तेव्हा खांद्यावर बेस गिटार होती. कोल्हापूरच्या बँकेतून रजा काढून, दोन गाड्या बदलून, फक्त फोनवर पाहिलेल्या दोघांच्या बँडमध्ये मी वाजवायला आलो होतो. त्यांचा बेसवाला नोकरीसाठी चेन्नईला गेला होता आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा स्वतःच्या गावातला पहिलाच कार्यक्रम होता.

न्यायला सुमित्रा आली होती. ती तंजावूरच्या मराठी घरातली. कॉलेजात गणित शिकवते, बँडमध्ये गाते. "अण्णा, मज वाटलें, तुम्ही येत नाहीं," ती म्हणाली. तिची मराठी जुनी, हेल मात्र तमिळ.

पापनाशमच्या बसमध्ये कंडक्टरने माझ्या गिटारच्या पेटीवर टिचकी मारली. "वीणैया?" (वीणा आहे का?) मी होकारार्थी मान हलवली. खरं सांगायचा धीर झाला नाही.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं. पापनाशमला ड्रमर कार्तिकच्या मामाची बंद पडलेली भातगिरणी आहे. तंजावुरात शेजारी ओरडायचे, म्हणून हे लोक दोन वर्षं तिथेच वाजवत राहिले. ऐकणारं कुणी नव्हतं. मग एक गाणं त्यांनी फोनवर रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकलं आणि ते पुण्या-मुंबईपर्यंत पोचलं. बोलावणी येऊ लागली.

तालमीत कोंड्याच्या धुळीने मी शिंकून बेजार झालो. नेमकं ते गाणं आलं आणि सुमित्रा मध्येच थांबली.

"हे आईचें बोलणें आहे," ती म्हणाली. "शेवटच्या महिन्यांत ती तमिळ विसरली. घरची मराठीच उरली. ती जें बोलली, तेंच मी गायलें. अप्पांस ठाऊक नाहीं. उद्यां ते येणार आहेत."

कार्तिक काठ्यांकडे बघत राहिला. मी गिटार खाली ठेवली. हजारोंनी ऐकलेलं गाणं, आणि ज्याच्या घरातलं ते त्यालाच माहीत नाही!

दुपारी तिच्या घरी जेवायला गेलो. तिचे वडील, अप्पा, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी स्वतः रसवांगी (डाळ-चिंच घातलेली वांग्याची दाट भाजी) वाढली. 

"उद्यां काय गातांस?" त्यांनी लेकीला विचारलं.

सुमित्राने माझ्याकडे पाहिलं. मी पानाकडे. मग ती तिथेच, वाद्याशिवाय, हळू आवाजात गाऊ लागली. दार लावलें का? वासरूं बांधलें का? माझे हे जेवले का?

अप्पांचा हात भातात तसाच राहिला. गाणं संपलं.

"हे ती मज बोलली होती," ते अखेर म्हणाले. "लोकांस नव्हे."

"नको म्हणा, अप्पा. मी सोडून देत्यें."

ते उठून हात धुऊन आले. "बाहेर गा. तिथें तिज कोणी ओळखत नाहीं. या गांवांत नको. मी आहें तोंवर नको."

दुसऱ्या दिवशी कल्याण मंडपम (लग्नाचं कार्यालय) भरून गेलं. चौथ्या गाण्यापासूनच पोरं त्या गाण्यासाठी ओरडू लागली. अप्पा तिसऱ्या रांगेत, कानांत कापूस घालून, ताठ बसलेले. ओरडा वाढला. संयोजक कडेने खुणा करत होता. कार्तिक काठ्या उचलून थांबला. 

सुमित्रा माइकवर तमिळमध्ये एवढंच म्हणाली, "ते गाणं या गावात होणार नाही." कारण सांगितलं नाही. शिट्ट्या झाल्या, मागच्या रांगा उठल्या. उरलेल्यांसाठी आम्ही आणखी पाच गाणी वाजवली. अप्पा शेवटपर्यंत बसले.

परतीच्या गाडीवर सोडायला आलेल्या सुमित्राने विचारलं, "अण्णा, आधीं विचारायचें होतें, नव्हे?" मी 'हो' म्हणालो, आणि गाडी सुटली.

त्यानंतर आम्ही पुण्यात वाजवलं, नाशकात वाजवलं. ते गाणं सुरू झालं की लोक डोळे पुसतात. मला मात्र दर वेळी तीच धास्ती वाटते. सूर चुकण्याची नव्हे. समोरच्या अंधारात सुमित्राच्या आईला ओळखणारं कुणी बसलं असेल, याची.